गव्हाणीतला पेंढा

मधल्या सुट्टीची घंटा झाली तशी मी चौथी ब च्या वर्गातल्या लोखंडी कपाटामागे जाऊन उभी राहिले. वय चोवीस, अंगावर कडक इस्त्रीची साडी, हातात लाकडी फूटपट्टी आणि केसांत कोळ्याचं जाळं. बाहेर अंगणात मुलांचा कल्ला चालला होता. मला चोर पकडायचा होता.

चोरी पेंढ्याची होती. हसू नका, त्या डिसेंबरात त्या पेंढ्यावर माझी नोकरी अवलंबून होती.

आमच्या वसईतल्या सिस्टरांच्या मराठी शाळेत एक जुनी रीत होती. नाताळाआधीचे चार आठवडे, म्हणजे आगमनकाळ, सुरू झाला की प्रत्येक वर्गात एक रिकामी लाकडी गव्हाण ठेवायची आणि शेजारी टोपलीभर भाताचा पेंढा. ज्या मुलानं काही चांगलं काम केलं असेल, त्यानं टोपलीतली एक काडी उचलून गव्हाणीत टाकायची. कोणी विचारायचं नाही, कोणी सांगायचं नाही. शेवटी त्या पेंढ्यावर बाळ येशूची मूर्ती निजवायची. मुलं जितकी चांगली वागली असतील तितकं बाळाचं अंथरूण मऊ, एवढाच त्यातला हिशेब. वर्षानुवर्षं हे गुपचूप चाललं होतं, आणि तिथेच माझं डोकं चाललं. इतक्या छान रीतीला काही शिस्तच नाही, असं मला वाटलं.

मी स्पर्धा काढली. चौथी अ विरुद्ध चौथी ब. तेवीस डिसेंबरला शाळेचे मॅनेजर फादर इग्नेशियस येणार, त्यांच्यासमोर दोन्ही गव्हाणींना फूटपट्टी लावायची, ज्यांचा पेंढा उंच त्यांना पताका. आमच्या मुख्याध्यापिका सिस्टर अगाथा मूळच्या नगरकडच्या, मोजकं बोलणाऱ्या. माझी कल्पना ऐकून त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "करून बघ. तुझ्या कागदात लिहायला होईल."

हा कागद म्हणजे आमच्या शाळेची दुसरी रीत. शिक्षकाची उमेदवारीची दोन वर्षं संपली की त्यानं "माझे शिक्षणविषयक तत्त्वज्ञान" असा एक कागद लिहायचा आणि मॅनेजर फादरांसमोर वाचायचा. मग कायम करायचं की नाही ते ठरायचं. त्या वर्षी उमेदवार दोघी होतो, मी आणि चौथी अ ची ब्रिजिट टीचर, आणि कायमची जागा एकच. ब्रिजिट माझ्याहून दोन वर्षांनी लहान, गाणं चांगलं, स्वभाव त्याहून चांगला. तिचा राग करावा असं तिनं कधी काही केलं नाही, ही एक वेगळीच अडचण होती.

घरी आमच्या वाडीतल्या विहिरीला खारं पाणी लागलं होतं. केळी पिवळी पडून माना टाकत होती आणि बाबा रोज सकाळी विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखायचे, जणू काल खारं होतं ते आज गोड होईल. घरात महिन्याच्या महिन्याला काही यायला हवं असेल, तर ते माझ्याकडूनच. त्यामुळे एक कागद मागितला असताना मी चार लिहिले होते. सर्वांगीण विकास होता, सुप्त गुण होते, मूल म्हणजे कळी आणि शिक्षक म्हणजे माळी होता. आणि शेवटी माझा स्वतःचा शोध: निकोप स्पर्धेने चांगुलपणाही वाढीस लागतो, याचा मी वर्गात घेतलेला अनुभव.

अनुभव येत होता खरा. स्पर्धा लागल्यापासून माझ्या वर्गाला चांगुलपणाचं वेडच लागलं. अॅन्सेल नावाचा एक चुणचुणीत मुलगा आधी शेजाऱ्याचं खोडरबर लपवायचा आणि मग सगळ्यांच्या देखत शोधून द्यायचा. माझी पिशवी उचलायला रोज सकाळी फाटकापाशी मारामारी व्हायची. म्हाताऱ्या पास्कूमावशीची कळशी चौघांनी मिळून तिच्या घरी नेऊन पोचवली, ती बिचारी पाणी भरायला विहिरीवर निघाली होती. मला हे सगळं दिसत होतं. पण रोज संध्याकाळी फूटपट्टी लावली की पेंढा अर्धं बोट वर आलेला असायचा, आणि मी दिसलेलं विसरायची.

दुसऱ्या आठवड्यात पेंढा वाढेनासा झाला. मुलं काड्या टाकत होती तरी एका दिवशी तर तो चक्क खाली गेला. माझा संशय चौथी अ वर. त्यांच्यातलंच कोणीतरी येऊन आमचा पेंढा पळवतं, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि कपाटामागे दबा धरला.

दार हळूच लोटलं गेलं. आत आली ती माझ्याच वर्गातली यशोदा भोईर.

यशोदा मिठागरावरची. खाडीपलीकडे आगरी लोकांची वस्ती होती, तिथून पाऊण तास चालत यायची. पायांना कायम खाऱ्या चिखलाची पांढरी रेघ, वेण्या घट्ट, बोलणं जेवढ्यास तेवढं. ती सरळ गव्हाणीपाशी गेली, दोन काड्या उचलल्या, त्या टोपलीत ठेवल्या आणि हात जोडले. मी बाहेर येऊन तिचं मनगट धरलं.

ती दचकली, पण रडली नाही. मी दरडावून विचारलं, हे कधीपासून चाललंय, तुला कोणी शिकवलं, ब्रिजिट टीचरच्या वर्गातल्या कोणी सांगितलं का.

"नाय टीचर. मी चोरली नाय. परत टोपलीत ठेवली."

"पण का?"

"सकाली धाकट्या भावाला मारलं. उगाच मारलं. आन् आईस विचाराला आली तर मी बोलली, नाय मारलं. म्हंजे दोन झाल्या."

मला क्षणभर उलगडा होईना. मग हळूहळू कळलं. चांगलं केलं की एक काडी टाकायची असेल, तर वाईट केलं की एक काढायला हवी, हे तिनं गृहीतच धरलं होतं. काढू नका असं कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवसापासून ती टाकत होती आणि काढत होती, आणि बाकीची मुलंही काढत असतीलच, असा तिचा समज होता.

"अगं, असं केलंस तर आपल्या वर्गाचा ढीग लहान होणार नाही का?" मी म्हटलं.

यावर तिनं मलाच समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. "बापूस मीठ ओढतो ना टीचर, तवा खालची माती वर येते. ती तशीच ठेवली तर रास मोठी दिसते. पन बापूस ती काढून टाकतो. बोलतो, रास बारकी झाली तरी चालंल, मीठ पांढरं पायजे."

मी तिला स्पष्ट सांगितलं की आपली रीत फक्त टाकायची आहे, काढायची नाही.

"मंग वाईट केलं त्याचं काय करायचं?"

वर्गातल्या आमच्या ख्रिस्ती मुलांचं उत्तर सोपं होतं. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ती रांगेनं चर्चमध्ये जायची, पापनिवेदनाच्या जाळीपाशी गुडघे टेकून फादरांना सगळं सांगून मोकळी व्हायची. त्या तासाला यशोदा आणि आणखी पाचसहा जणी वर्गातच बसून शुद्धलेखन लिहायच्या. ते आठवून मी जरा अडखळले आणि म्हणाले, मनातल्या मनात देवाची माफी माग, म्हणजे झालं.

"मागते ना. पन काडी तशीच ऱ्हाते."

अशा वेळी शिक्षकाकडे एक हुकमी हत्यार असतं, ते मी काढलं. "टीचर सांगते ते ऐकायचं. यापुढे काढायची नाही," असं म्हणून तिला बाहेर पाठवलं. तिनं ऐकलं. त्यानंतर तिनं काडी काढली नाही, आणि टाकलीही नाही.

बावीस तारखेला शाळा सुटल्यावर मी सहज म्हणून चौथी अ च्या वर्गात डोकावले. सहज कसली, फूटपट्टी हातात होती. त्यांचा पेंढा सहा इंच. आमचा पाच. मी वर्गात परत आले आणि खुर्चीवर बसून राहिले. बाहेर उन्हं कलली होती, सिस्टर बागेत झाडांना पाणी घालत होत्या. मी स्वतःला पटवायला सुरुवात केली. माझ्या मुलांनी कितीतरी चांगली कामं केली असतील जी नोंदायची राहिली. यशोदेनं काढलेल्या काड्या तर नियमाबाहेरच काढलेल्या, त्या परत घालणं म्हणजे उलट न्यायच. मनाला पटवायचंच ठरवलं की ते फार लवकर पटतं. मी उठले, टोपलीतून दोन मुठी पेंढा घेतला आणि गव्हाणीत घालून वरून हातानं मोकळा केला. साडेसहा इंच.

वळून पाहते तो दारात यशोदा. तिचा जेवणाचा डबा बाकाखाली राहिला होता, तो न्यायला ती अर्ध्या वाटेवरून परत आली होती.

मी चपापले. पण तिच्या चेहऱ्यावर संशय म्हणून नव्हता. होता तो निव्वळ आदर. डोळे मोठे करून ती म्हणाली, "टीचर, तुम्ही एवढी चांगली कामं केली?"

तेव्हा काहीही सांगता आलं असतं. मी म्हटलं, "हो."

ती हसली. वर्षभरात पहिल्यांदाच ती अशी तोंडभर हसलेली पाहिली मी. डबा घेऊन ती पळाली, आणि मी गव्हाणीकडे पाठ करून बसले.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये दोन्ही वर्ग जमिनीवर बसले, आम्ही शिक्षक खुर्च्यांवर. टेबलावर दोन गव्हाणी, मध्ये बाळ येशूची मूर्ती पांढऱ्या रुमालात गुंडाळलेली. माझ्या मांडीवर चार कागद. आधी पेंढा मोजायचा, मग मुलांना खाऊ देऊन घरी सोडायचं आणि मग आम्ही दोघींनी आपापलं तत्त्वज्ञान वाचायचं, असा बेत होता. फादर इग्नेशियस गोल चेहऱ्याचे, हौशी गृहस्थ. त्यांनी स्वतः फूटपट्टी लावली आणि चौथी ब जिंकल्याचं जाहीर केलं. माझ्या मुलांनी हॉल डोक्यावर घेतला. ब्रिजिटनं माझा हात दाबला आणि मनापासून अभिनंदन केलं, ते मला फार बोचलं.

फादरांना मुलांशी बोलायची आवड. ते म्हणाले, "आता मला सांगा, यात सर्वांत जास्त काड्या कोणी टाकल्या?"

अर्ध्या वर्गानं हात वर केले. अॅन्सेल तर उभाच राहिला. पण त्याच्याही आधी मागच्या रांगेतून यशोदा उठली होती. जी मुलगी वर्षभर विचारल्याशिवाय बोलली नाही, ती त्या भरल्या हॉलमध्ये खणखणीत आवाजात म्हणाली, "आमच्या टीचरनी. दोन मुठी टाकल्या. काल एका दिवसात."

तिला माझी चुगली करायची नव्हती. तिला माझा अभिमान वाटत होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि हात मीच दाखवला होता.

सिस्टर अगाथांनी माझ्याकडे पाहिलं नाही, त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. फादरांना मात्र काही कळलं नसावं. ते खूष होऊन म्हणाले, "वा, जसिंता टीचर! अशी कोणती कामं केलीत, आम्हालाही कळू द्या."

माझ्याकडे उत्तर तयार होतं. मुलांच्या नोंदायच्या राहिलेल्या कामांचं. ते मी कालच स्वतःला पटवलं होतं, फादरांनाही पटलं असतं. मी उठून उभी राहिले, तोंड उघडलं, आणि यशोदा दिसली. ती अजून उभीच होती. मी काय सांगते ते ऐकायला तिनं मान पुढे काढली होती. मी आता काहीही सांगितलं असतं तरी ती ते खरं मानणार होती. आणि जन्मभर मानत राहणार होती. त्याचीच मला भीती वाटली.

मी टेबलापाशी गेले. गव्हाणीत हात घातला. हात इतका कापत होता की पहिल्या मुठीतला अर्धा पेंढा जमिनीवर सांडला. दुसरी मूठ काढली आणि दोन्ही टेबलावर ठेवल्या. "फादर, ही चांगली कामं नाहीत," मी म्हटलं. "आमचा वर्ग जिंकावा म्हणून मी काल हा पेंढा घातला. यशोदेनं विचारलं तेव्हा तिला खोटं सांगितलं." मग मी आणखी एक काडी काढून त्या ढिगावर ठेवली. "ही त्या खोट्याची."

माझे चार कागद खुर्चीवरून खाली पडले होते, ते ब्रिजिटनं गोळा केले. फादर खाकरले. माझ्या मुलांना काय झालं ते नीट कळलं नाही, पताका गेली एवढं मात्र लगेच कळलं, आणि ती रडवेली झाली. कोणी पुढे येऊन आपली काडी काढली नाही. अॅन्सेल खाली मान घालून बुटाची लेस बांधत बसला, तेवढंच. सिस्टर उठल्या, रुमाल सोडून त्यांनी मूर्ती आमच्याच गव्हाणीत ठेवली. मूर्ती थोडी खाली गेली. सिस्टरांनी प्रार्थना सुरू केली.

कागद वाचायचा कार्यक्रम झाला, पण ब्रिजिटचा एकटीचा. तिनं एकच पान लिहिलं होतं आणि चांगलं लिहिलं होतं. तिला कायम केलं. मला आणखी एक वर्ष उमेदवारी. वाईट वाटलं का? मी प्रसाधनगृहाची कडी लावून ढसाढसा रडले. बाबांना काय सांगायचं, हे मला सुचत नव्हतं.

संध्याकाळी सिस्टरांनी ऑफिसात बोलावलं. माझे चार कागद त्यांच्यापुढे होते. मला राग आला होता, स्वतःचा कमी आणि त्यांचा जास्त. मी विचारलं की स्पर्धा चुकीची आहे हे तुम्हाला पहिल्याच दिवशी दिसलं होतं, मग मला थांबवलं का नाही.

"थांबवलं असतं तर तू आणखी चार कागद लिहिले असतेस," सिस्टर म्हणाल्या. कागद माझ्याकडे सरकवत पुढे म्हणाल्या, "पुढच्या वर्षी एकच आण. आणि माळी नको. माळी मला फार झाले."

पुढच्या वर्षी मी एकच कागद नेला. त्यावर एकच वाक्य होतं आणि तेही माझं नव्हतं. सिस्टरांनी ते दोनदा वाचलं, फादरांकडे दिलं आणि मला कायम केलं. त्यानंतर मी त्या शाळेत तेहेतीस वर्षं काढली, शेवटची नऊ सिस्टरांच्याच खुर्चीत. नवे उमेदवार कागद आणायचे. त्यांत कळ्या असायच्या, माळी असायचे, सर्वांगीण विकास तर कोणी चुकवला नाही. मी ते सगळे वाचले आणि कोणालाच हसले नाही. गव्हाणी दर वर्षी वर्गावर्गात ठेवल्या गेल्या, टोपली शेजारी असायची, आणि मुलांना सुरुवातीलाच सांगितलं जायचं की टाकताही येतं आणि काढताही येतं. फूटपट्टी मी ब्रिजिटला शिवणाच्या तासासाठी देऊन टाकली.

ते वाक्य मला मिळालं त्याच तेवीस तारखेला. ऑफिसातून निघून मी फाटकापाशी आले तेव्हा डोळे सुजलेले होते. शाळा कधीच रिकामी झाली होती. फाटकाबाहेर दगडावर यशोदा बसली होती, डबा मांडीवर घेऊन. खाडीपलीकडे जायला उशीर होईल, घरी काळजी करतील, असं मी काहीतरी म्हणाले.

"टीचर, माझ्यामुलं झालं का?"

"नाही गं. माझ्यामुळे झालं."

मग तिनं माझा उजवा हात, ज्या हातानं मी पेंढा काढला होता तो, आपल्या दोन्ही हातांत धरला. तिचे तळवे मिठानं खरखरीत झालेले होते. बराच वेळ ती तो हात निरखत राहिली. मी तिची शिक्षिका होते, पण त्या वेळी ती मला धीर देत होती.

"पयल्यांदा लय कापतो हात, टीचर," ती म्हणाली, "मंग कमी कमी कापतो."

एवढं बोलून तिनं हात सोडला आणि डबा वाजवत मिठागराच्या वाटेला लागली.